लोखंडाला ‘पाणी’ पाजणारं कॉम्प्युटर मॉडेल: घाटात ट्रकचा अ‍ॅक्सल का टिकतो?

घरात इंडक्शन शेगडी असेल तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. स्टीलचं पातेलं ठेवलं की दोन मिनिटांत पाणी उकळतं, पण अ‍ॅल्युमिनियमचं भांडं ठेवलं की शेगडी नुसती टीं टीं करत राहते. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला साधारण २० ते ५० हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने उलटसुलट होतं आणि पातेल्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांना धातू विरोध करतो आणि विरोध म्हणजे उष्णता. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं होतं. तुमच्या फोनचं वायरलेस चार्जिंगही याच तत्त्वावर चालतं.

आता हीच शेगडी शंभरपट ताकदवान आहे अशी कल्पना करा. वेटोळं पातेल्याखाली न ठेवता लोखंडी दांड्याभोवती गुंडाळलंय. काही सेकंदांत दांड्याची फक्त वरची ‘साल’ लालभडक होते, आतला गाभा जवळजवळ थंडच राहतो, आणि लगेच वरून पाण्याचा फवारा बसतो. याला म्हणतात इंडक्शन हार्डनिंग. ट्रकचा अ‍ॅक्सल, इंजिनाचा क्रँकशाफ्ट, ट्रॅक्टरचे गिअर असे कितीतरी भाग या प्रक्रियेतून जातात.

मी नवापूरचा. आमच्या गावाजवळून सुरत-धुळे महामार्ग जातो, आणि धुळ्याकडे निघालात की विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. लोडेड ट्रक तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतात. त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद शेवटी ज्या दांड्याला पिळत असते तो अ‍ॅक्सल शाफ्ट. तो तुटला तर मागे रांगेत असलेल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून या लेखातला प्रश्न: त्या दांड्याची साल नेमकी किती खोल कडक करायची, आणि ती तेवढीच झाली हे दांडा न कापता कसं कळणार?

विळ्याला पाणी, शाफ्टलाही पाणी

गावातला लोहार विळ्याला ‘पाणी पाजतो’ हे आपल्याला माहीत आहे. विळा भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, चर्रर्र आवाज, आणि धार कडक. पण पाणी जास्त झालं तर तोच विळा दगडावर आपटला की तुकडा उडतो. कडकपणा आणि चिवटपणा यांचं हे जुनं भांडण आहे.

आत काय घडतं ते थोडक्यात. पोलाद साधारण ८५० अंशांच्या वर नेलं की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात आणि तिच्यात कार्बन छान विरघळतो. हळू थंड केलं तर कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद पुन्हा मऊ होतं. पण झटक्यात थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कडक रचना तयार होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडलं.

मग अख्खा दांडा कडक का करत नाहीत? ओला टॉवेल पिळून बघा. पिळताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या बाजूला येतो, मध्यभागी जवळपास शून्य. दांड्याचंही तसंच. कडकपणा हवा तो सालीला, आणि धक्के खायला आतला गाभा चिवटच बरा.

शिवाय एक बोनस मिळतो. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना पोलाद साधारण चार टक्क्यांनी फुगतं. साल फुगू पाहते, थंड गाभा तिला फुगू देत नाही. त्यामुळे साल कायमची दाबलेल्या अवस्थेत राहते. वारंवार पिळ बसून पडणारी बारीक चीर बहुतेक वेळा पृष्ठभागावरच सुरू होते. तिथे आधीच दाब असला तर चीर उघडायलाच त्रास होतो. म्हणजे हार्डनिंगमुळे नुसती झीज कमी होत नाही, आयुष्यही वाढतं.

साल फार पातळ राहिली तर ती लवकर झिजते, किंवा चीर सालीच्या खालून सुरू होते. फार जाड झाली तर चिवट गाभा कमी पडतो आणि तो उपयोगी दाबही घटतो. दोन्हीकडे धोका.

पाव मिलिमीटर की पाच मिलिमीटर?

वेगाने दिशा बदलणारा प्रवाह धातूच्या आत खोलवर जात नाही, कातडीलाच धरून राहतो. तो किती खोल जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: फ्रिक्वेन्सी, धातूचा विद्युतरोध आणि त्याची चुंबकीयता. फ्रिक्वेन्सी वाढली की खोली कमी होते. लाल झालेल्या पोलादात ३ किलोहर्ट्झला ही खोली साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, १० किलोहर्ट्झला सुमारे पाच आणि २०० किलोहर्ट्झला जेमतेम सव्वा मिलिमीटर.

पण ‘लाल झालेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. थंड पोलाद चुंबकाला चिकटतं. त्यात १० किलोहर्ट्झचा प्रवाह फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास शिरतो. तापमान ७७० अंशांच्या घरात गेलं की पोलादाचं चुंबकत्व संपतं. याला क्यूरी तापमान म्हणतात. त्या क्षणी तीच फ्रिक्वेन्सी, तीच कॉइल, पण प्रवाह एकदम पाच मिलिमीटरपर्यंत पसरतो. पंचवीसपट फरक!

म्हणजे काम चालू असताना कामाचे नियमच बदलतात. दांडा तापतो म्हणून प्रवाहाची वाट बदलते, आणि वाट बदलते म्हणून तापण्याची पद्धत बदलते. हे तोंडी हिशेबात बसत नाही. इथेच कॉम्प्युटर मॉडेल लागतं.

मॉडेल नसेल तर काय करतात?

करून बघतात. जॉब कॉइलमध्ये लावायचा, पॉवर आणि वेळ अंदाजाने सेट करायची, फवारा मारायचा. मग तो जॉब आडवा कापायचा, कापलेली बाजू आरशासारखी घासायची आणि नायट्रिक अ‍ॅसिड-अल्कोहोलचं मिश्रण लावायचं. कडक झालेला थर वेगळ्या रंगात उठून दिसतो. पुढे हिऱ्याच्या टोकाने पृष्ठभागापासून आत आत दाबत कडकपणा मोजायचा. जिथे तो ठरलेल्या आकड्याच्या खाली जातो तिथपर्यंतची खोली म्हणजे ‘केस डेप्थ’.

आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. प्लॅटफॉर्मवर एक रेघ आहे, तिच्या इकडे एक राज्य, तिकडे दुसरं. कडक साल आणि मऊ गाभा यांच्यामध्ये अशी स्वच्छ रेघ नसते. मध्ये एक पट्टा असतो, जिथे कडकपणा ५५-६० रॉकवेलवरून २० च्या आसपास घसरत जातो. ही घसरण किती तीव्र आहे यावरही दांड्याचं आयुष्य ठरतं.

अडचण अशी की जो दांडा कापून तपासला तो भंगारात गेला. क्रँकशाफ्टसारखा महाग जॉब असेल आणि कॉइलचा आकार चार वेळा बदलावा लागला, तर पैसा आणि आठवडे दोन्ही जातात. मॉडेलचा उपयोग कापणं पूर्ण थांबवायला होत नाही. पंधरा जॉब कापायचे होते ते तीन-चारवर आणायला होतो.

एका मॉडेलमध्ये चार हिशेब

पहिला हिशेब चुंबकाचा: कॉइलभोवती क्षेत्र कसं आहे, दांड्यात प्रवाह कुठे किती.

दुसरा उष्णतेचा: त्या प्रवाहाने कुठे किती उष्णता तयार झाली, ती आत कशी झिरपली, फवाऱ्याने किती वेगाने बाहेर खेचली.

तिसरा धातूचा: कुठला भाग ऑस्टेनाइट झाला, त्यातला किती मार्टेन्साइट झाला.

चौथा ताणाचा: कुठे फुगला, कुठे आकसला, कुठे वाकला, चीर पडायची शक्यता कुठे.

कॉम्प्युटर दांड्याचे हजारो बारीक तुकडे करतो. या जाळीला मेश म्हणतात. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशी उष्णतेची देवाणघेवाण करतो. थंड पोलादात प्रवाह ०.२ मिलिमीटरमध्येच असेल तर तेवढ्या जागेत दोन-तीन तुकडे तरी बसायला हवेत, म्हणून सालीजवळ मेश एकदम बारीक आणि गाभ्यात मोठी ठेवतात. फोटोत चेहरा शार्प आणि मागचं ब्लर, तसंच काहीसं.

वेळेचाही घोळ आहे. १० किलोहर्ट्झला प्रवाहाचं एक आवर्तन सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपतं. आठ सेकंदांच्या तापवण्यात अशी ऐंशी हजार आवर्तनं होतात. प्रत्येक आवर्तन मोजत बसलं तर कॉम्प्युटर दमेल. म्हणून मॉडेल एक शॉर्टकट घेतं: प्रवाहाचा सरासरी परिणाम काढायचा, तेवढी उष्णता घालून थोडा वेळ पुढे जायचं, तापमान बदललं की पुन्हा चुंबकाचा हिशेब ताजा करायचा. दोन हिशेब एकमेकांना उत्तरं देत पुढे जातात.

तुमच्या फोनवर करून बघा

यातला दुसरा हिशेब तुम्ही मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीट अ‍ॅपमध्ये करू शकता. दहा मिनिटं लागतील.

एका ओळीत २५ घरं घ्या. प्रत्येक घर म्हणजे एक मिलिमीटर. पहिलं घर पृष्ठभाग, पंचविसावं गाभा. पहिल्या ओळीत सगळीकडे ३० लिहा, हे सुरुवातीचं तापमान. खालची प्रत्येक ओळ म्हणजे ०.०५ सेकंद पुढे. मधल्या घरांचं सूत्र असं:

नवं तापमान = जुनं + ०.३ × (डावीकडचं जुनं + उजवीकडचं जुनं − २ × जुनं)

पहिल्या घराला डावा शेजारी नाही, म्हणून तिथे जुनं + ०.३ × (उजवीकडचं − जुनं). शेवटच्या घराला उजवा नाही, तिथे जुनं + ०.३ × (डावीकडचं − जुनं).

आता कॉइल चालू करा. पहिल्या पाच घरांच्या सूत्रात शेवटी अनुक्रमे १६, ११, ७, ५ आणि ३ मिळवा. प्रत्येक ओळीला मिळणारी ही प्रवाहाची उष्णता आहे, वर जास्त आणि आत कमी. सूत्र १६० ओळींपर्यंत खाली ओढा, म्हणजे आठ सेकंद झाले.

पहिलं घर ९०० अंशांच्या आसपास पोहोचलेलं दिसेल. पंचविसावं अजून पन्नाशीच्याही खाली. पण ८५० च्या वर गेलेली घरं जेमतेम दोन! म्हणजे साल लाल दिसली तरी कडक होण्याइतकी तापलेली खोली दोन मिलिमीटरच्या आसपासच.

आता मिळवायचे आकडे अर्धे करा: ८, ५.५, ३.५, २.५, १.५. वेळ दुप्पट लागेल असं वाटतं ना? ओळी वाढवून बघा. पहिल्या घराला ९०० गाठायला पंचवीस सेकंदांच्या आसपास, म्हणजे तिपटीहून जास्त वेळ लागतो. कारण तेवढ्या वेळात उष्णता आत पळत राहते. तिसरं घर आता ८५० ला टेकतं, म्हणजे खोली वाढली, पण गाभाही दोनशेच्या घरात गेला. खोली हवी असेल तर किंमत मोजावी लागते, आणि ती किती हे या शीटने तुम्हाला सांगितलं.

यातला ०.३ हा आकडा आला कुठून? गरम पोलादात उष्णता पसरण्याचा दर साधारण ६ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरला. त्याला ०.०५ सेकंदांनी गुणलं आणि घराच्या रुंदीच्या वर्गाने, म्हणजे १ ने भागलं. आता मुद्दाम एक खोडी करा. वेळेचं पाऊल ०.०५ ऐवजी ०.१ घ्या, म्हणजे ०.३ च्या जागी ०.६ येईल आणि मिळवायचे आकडे दुप्पट होतील. काही ओळींनंतर तापमान वरखाली नाचू लागेल, पुढे उणे हजार, अधिक पाच हजार असे वेडेवाकडे आकडे येतील. पोलादाला काही झालेलं नाही. हा आकडा ०.५ च्या वर गेला की ही हिशेबाची पद्धतच कोसळते.

मॉडेल खोटं कधी बोलतं?

उणे हजार अंश आलं तर कुणीही ओळखेल. खरा धोका आहे तो सुंदर, रंगीत आणि पटण्यासारख्या चुकीच्या उत्तराचा.

आपल्या शीटमध्येच बघा. आपण ७७० अंशांनंतरही तीच उष्णता घालत राहिलो. पोलादाची उष्णता धारण करायची क्षमता तापमानानुसार बदलते, तीही आपण एकच धरली. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे तक्ते भरता येतात, पण ते कुणीतरी मोजून द्यावे लागतात. ‘ईएन ८’ म्हणून आलेल्या दोन लॉटमध्ये कार्बनचं प्रमाण थोडं वेगळं असतं. फवाऱ्याचं एखादं छिद्र बुजलं की थंड होण्याचा वेग बदलतो. पाण्यातल्या पॉलिमरचं प्रमाण बदललं तरी तेच. मॉडेलला यातलं काहीच कळत नाही.

मग आकार. क्रँकशाफ्टमध्ये तेल जाण्यासाठी छिद्रं असतात. प्रवाह छिद्राला वळसा घालून जातो, त्यामुळे कडेला गर्दी होते आणि ती कड जास्त तापते. फवारा बसताच तिथेच चीर पडू शकते. गुळगुळीत दांड्याचं मॉडेल करून छिद्र सोडून दिलं, तर उत्तर छान येईल आणि जॉब फुटेल. मी काम शिकलो त्या वर्कशॉपमधले एक जुने ऑपरेटर काका जॉबचा रंग आणि फवाऱ्याचा आवाज यावरून सांगायचे, “ह्याचं भोक बघ आधी.” कॉम्प्युटरपुढे बसलेल्या पोराला त्या भोकाचं मेश करायचं सुचायला हवं, नाहीतर काकांना विचारायला तरी हवं.

म्हणून नियम असा: मॉडेलने सांगितलेली खोली आणि कापलेल्या जॉबवर मोजलेली खोली शेजारी ठेवायची. जुळली तरच त्या मॉडेलवर पुढचा जॉब सोपवायचा.

पुणे, परम आणि तुमचा खिसा

महाराष्ट्रात या विषयाला मोठी जागा आहे. १९६१ साली स्थापन झालेली पुण्याची भारत फोर्ज ट्रकांचे क्रँकशाफ्ट आणि अ‍ॅक्सलचे भाग बनवण्यासाठी जगभर ओळखली जाते. त्याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. त्याचा कमाल वेग सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणितं. आजच्या साध्या स्मार्टफोनमधली ग्राफिक्स चिप याच्या कितीतरी पट पुढे आहे. म्हणजे हिशेब करण्याची ताकद आता अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती काय मोजायचं हे कळण्याची.

शिकायला पैसे लागतात असंही नाही. ‘फेम’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर सपाट किंवा गोल आकाराच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र काढून देतं. फिनलंडच्या सीएससी संस्थेचं ‘एल्मर’ तर चुंबक आणि उष्णता दोन्ही एकत्र सोडवतं. दोन्हींना लॅपटॉप लागेल, कॉलेजच्या लॅबमधला चालेल.

आमच्याकडची बरीच पोरं आयटीआय किंवा डिप्लोमा करून सुरत, नाशिक, चाकणच्या शॉपवर जातात. पहिली दोन वर्षं जॉब लावा-काढा यातच जातात. इंडक्शन मशीनवर असाल तर एक सवय लावून घ्या: प्रत्येक सेटिंगची पॉवर, फ्रिक्वेन्सी, तापवण्याचे सेकंद, पाण्याचं तापमान आणि शेवटी मोजलेली केस डेप्थ फोनमधल्या शीटमध्ये किंवा डायरीत लिहून ठेवा. कंपनीचे आकडे कंपनीतच ठेवायचे, पण समज तुमची. मॉडेल बनवणाऱ्या इंजिनिअरला नेमके हेच आकडे हवे असतात, आणि ज्याच्याकडे ते आहेत त्याला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

आज रात्री ती २५ घरांची शीट बनवा. मग एक बदल करून बघा: १६१ व्या ओळीपासून उष्णता मिळवणं बंद करा आणि पहिल्या घरात सरळ ४० लिहा, जणू फवारा सुरू झाला. दुसरं, तिसरं, दहावं घर किती वेगाने थंड होतं आणि आतलं कुठलं घर उलट आधी गरम होतं, ते शोधा. उत्तर कमेंटमध्ये न लिहिता आधी मित्राला समजावून सांगा. त्याला समजलं तर तुम्हाला नक्की समजलंय.